परसातली फळे पक्षी, खारी आणि वटवाघळांपासून कशी वाचवावीत?

फळवेल

घरामागच्या लहानशा जागेत पेरू, चिकू आणि डाळिंब ही तीन झाडे जमिनीत, तर अंजीर आणि द्राक्षाचा एक वेल मोठ्या कुंड्यांत लावलेला आहे. झाडांची वाढ उत्तम आहे, फळधारणाही भरपूर होते. मात्र फळ पाडाला आले की ते आमच्या हाती लागण्याआधीच कोणीतरी फस्त करून जाते. दिवसा पोपट, बुलबुल, साळुंक्या आणि खारी दिसतात. रात्रीही कोणीतरी येत असावे, कारण सकाळी झाडाखाली नवा कचरा पडलेला असतो.

विष घालणे किंवा चिकट सापळे लावणे या दोन्ही गोष्टी मला करायच्या नाहीत. फळांतला मोठा वाटा घरात यावा आणि येणाऱ्या जिवांना इजा होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. जागा अरुंद आहे, शेजारच्या घराची भिंत झाडांना जवळजवळ लागून आहे आणि संपूर्ण बागेवर मांडव उभारणे शक्य नाही. अशा परिस्थितीत सुरुवात कोठून करावी, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सावरी

उपाय विचारण्याआधी फळ नेमके कोण खाते हे ठरवणे आवश्यक आहे, कारण पक्ष्यांना अडवणारी जाळी खार दहा मिनिटांत कुरतडते आणि खारीसाठी केलेला बंदोबस्त वटवाघळाच्या वाटेत येतच नाही. त्यासाठी प्राणी दिसलाच पाहिजे असे नाही. उष्टे फळ पुरेसे बोलके असते. पक्षी चोचीने टोचतो, त्यामुळे फळावर वेडीवाकडी, आत निमुळती होत गेलेली भोके पडतात आणि फळ बहुधा फांदीलाच राहते. खार आणि उंदीर पुढच्या दातांनी खरवडतात, त्यामुळे गरावर जोडीने उमटलेल्या बारीक समांतर खाचा दिसतात. संत्र्या-मोसंब्याला एकच गोल भोक पाडून आतला सगळा गर संपवलेला असेल आणि रिकामी साल झाडावरच लोंबत असेल, तर तो झाडांवर चढणारा उंदीर समजावा. वटवाघूळ फळ शक्यतो तोडून दुसरीकडे नेते, रस शोषते आणि उरलेला चोथा थुंकून टाकते.

आपण झाडाखालच्या ज्या कचऱ्याचा उल्लेख केला आहे, त्याचे थोडे अधिक वर्णन कराल का?

फळवेल

आज सकाळी मुद्दाम वाकून पाहिले. चिकूखाली बोटाच्या पेराएवढे, चपटे, तपकिरी आणि कोरडे होत आलेले चोथ्याचे गोळे पडले होते. एक गोळा काडीने उकलला, तर आत नुसते तंतू होते आणि एका बाजूला टाळूच्या वळ्यांसारखे ठसे उमटलेले दिसले. पेरूखाली मात्र सालीचे बारीक तुकडे होते. झाडावरच्या एका पेरूचा गर देठाच्या बाजूने खरवडून बियांपर्यंत खाल्लेला होता आणि कडेला दोन-दोन खाचा स्पष्ट होत्या. डाळिंबे सध्या कच्ची आहेत. द्राक्षाच्या घडात वरवरचे मणी तेवढे फुटलेले आहेत, आतल्या बाजूचे शाबूत आहेत.

सावरी

म्हणजे चिकूवर वटवाघूळ, पेरूवर खार आणि द्राक्षावर पक्षी. आपल्याकडे तीन वेगळे पाहुणे आहेत, तेव्हा उपायही तीन वेगळे लागतील. सगळ्या झाडांवर एकच जाळी पसरून मोकळे होण्याचा मोह टाळावा.

खोडवा

जाळी, पिशव्या वगैरे पुढे येतीलच, पण त्याआधी सर्वांत स्वस्त उपाय सांगतो. जे फळ झाडावरून काढल्यानंतरही पिकते, ते झाडावर पिकेपर्यंत ठेवूच नये. आंबा, चिकू, पपई, केळी, सीताफळ आणि बऱ्याच अंशी पेरू ही फळे पूर्ण वाढ झाल्यावर काढली, तर एथिलीन वायूच्या प्रभावाने घरात व्यवस्थित पिकतात. वटवाघूळ प्रामुख्याने पिकलेल्या फळाच्या वासावर येते आणि पक्षी बहुधा बदललेला रंग पाहून येतो. त्याच्या आधी दोन-तीन दिवस फळ आपल्या टोपलीत असेल, तर अर्धा प्रश्न तेथेच मिटतो.

यातला कस 'पूर्ण वाढ' ओळखण्यात आहे. अपुऱ्या वाढीचे फळ कितीही आढीत घातले तरी सुरकुतते, गोड होत नाही. चिकूच्या सालीवरचा तपकिरी भुसा अंगठ्याने सहज निघू लागला पाहिजे. नखाने हलकेच ओरखडा काढून पाहावा: आत हिरवा रंग दिसला आणि चीक भळाभळा आला तर थांबावे, पिवळसर रेघ दिसली आणि चीक जेमतेम आला तर काढावे. आंब्याचे देठाजवळचे खांदे भरून वर येतात. सीताफळाच्या डोळ्यांमधल्या भेगा रुंदावतात आणि तेथे फिकट पिवळसर झाक येते. पपईच्या सालीवर पिवळी रेघ उमटली की तिला आणखी झाडावर ठेवण्याचे कारण नाही. पेरूचा गडद हिरवा रंग फिका पडून त्यावर किंचित तकाकी येते. मऊ होण्याची वाट पाहू नये.

फळे हाताने किंवा झेल्याने, देठाचा छोटा तुकडा ठेवून काढावीत. खाली पडून दबलेले फळ पिकण्याऐवजी सडते. चीक येणारी फळे काही वेळ देठाकडची बाजू खाली करून ठेवली, तर चीक निथळतो आणि सालीवर डाग पडत नाहीत. एकत्र ठेवलेल्या फळांमध्ये एखादे पिकलेले केळे ठेवले, तर बाकीची लवकर पिकतात.

कुंडीतले अंजीर

खोडवा यांच्या म्हणण्याशी बाकीच्या फळांबाबत मी सहमत आहे, परंतु अंजिराला हा नियम लावू नये. शास्त्रीय वर्गीकरणात अंजीर काढल्यावर पिकणाऱ्या फळांत मोडत असले, तरी कच्चे काढलेले अंजीर फक्त मऊ पडते, त्यात गोडी भरत नाही. मान वाकून फळ खाली लोंबू लागले आणि देठाशी चीक येणे थांबले, तरच ते काढण्यात अर्थ असतो. नेमके त्याच टप्प्यावर ते बुलबुलाच्या नजरेत भरते. द्राक्षे, डाळिंबे, संत्री, स्ट्रॉबेरी यांचीही तीच गत आहे: काढल्यानंतर ती गोड होत नाहीत, त्यामुळे त्यांना झाडावरच संरक्षण द्यावे लागते.

माझ्या अंजिराच्या कुंडीभोवती मी मच्छरदाणीच्या कापडाचा उभा पिंजरा केला आहे. चार बांबू कुंडीच्या कडेला रोवले, वरच्या टोकांना आडव्या काड्या बांधल्या आणि कापड वरून सोडून खाली कुंडीच्या काठाशी नाडीने आवळले. फळ कापडाला टेकणार नाही एवढे अंतर सर्व बाजूंनी ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण टेकलेल्या फळाला पक्षी कापडावरूनही टोचतो. घरगुती बागेत लावले जाणारे अंजीर बहुधा परागीभवनाशिवाय फळ धरतात, म्हणून हे आच्छादन सुरुवातीपासून ठेवले तरी चालते. डाळिंबाचे किंवा स्ट्रॉबेरीचे तसे नाही. तेथे फुलोरा उरकून फळ धरेपर्यंत मधमाश्यांना मोकळी वाट ठेवावी लागते.

खोडवा

अंजिराबाबतची दुरुस्ती मान्य आहे.

झाडावरच पिकणाऱ्या फळांसाठी एकेका फळाला पिशवी घालणे हा मला सर्वांत विश्वासाचा उपाय वाटतो. जपानमध्ये सफरचंद आणि नाशपातीच्या फळांना कागदी पिशव्या घालण्याची पद्धत जुनी आहे. काम वेळखाऊ असले तरी परसातल्या एक-दोन झाडांना ते झेपते. पिशवी कागदाची, पातळ सुती कापडाची किंवा ऑर्गान्झासारख्या जाळीदार कापडाची असावी. प्लास्टिकच्या पिशवीत बाष्प साचून फळ कुजते, म्हणून ती शक्यतो वापरूच नये. पेरू लिंबाएवढा झाला की पिशवी घालावी, म्हणजे फळमाशी सालीत अंडी घालण्याआधीच फळ झाकले जाते. पक्ष्यांसाठी घातलेल्या पिशवीचा हा दुसरा लाभ पहिल्यापेक्षा मोठा ठरतो, असे माझे मत आहे.

पिशवी फळाच्या देठाला बांधू नये, देठामागच्या फांदीला बांधावी. तसे केले नाही तर वाऱ्याने पिशवी हलून फळच गळते. घालण्यापूर्वी फळावर मुंग्या किंवा पिठ्या ढेकूण नाहीत ना, हे पाहून घ्यावे. कागदी पिशवीतल्या फळावर लाली कमी चढते. रंग हवा असेल तर काढणीआधी थोडे दिवस कागद उतरवून त्या जागी जाळीदार पिशवी घालता येते. चवीत फरक पडत नसल्यामुळे मी स्वतः ती खटपट करत नाही.

डाळिंबाबाबत आणखी एक गोष्ट: पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असे झाले तर फळ तडकते आणि तडकलेल्या फळाकडे पक्षी व मुंग्या लगेच वळतात. तेथे नियमित पाणी देणे हेच संरक्षण. फळाच्या टोकाचा मुकुट आत मिटू लागला आणि गोलाई जाऊन बाजू चापट झाल्या, की ते तयार झाले असे समजावे.

ओसरी

चमकत्या पट्ट्या, जुन्या सीडी, प्लास्टिकचे घुबड, रबरी साप या गोष्टींबद्दल कोणी काही लिहिले नाही. त्या अगदीच निरुपयोगी आहेत का? बाजारात ध्वनिलहरी सोडणारी यंत्रेही मिळतात, त्यांचा अनुभव कोणाला आहे का?

सावरी

बुजगावण्यांचा उपयोग होतो, पण मोजके दिवसच. एकाच जागी न हलता बसलेले घुबड आपले काही बिघडवत नाही, हे पक्ष्यांच्या लवकर ध्यानात येते आणि मग ते त्याच्याच डोक्यावर येऊन बसतात. म्हणून अशा वस्तू वर्षभर टांगून ठेवू नयेत. फळ रंग बदलू लागेल तेव्हाच लावाव्यात, दर दोन-तीन दिवसांनी त्यांची जागा बदलावी आणि काढणी संपताच उतरवून ठेवाव्यात. द्राक्षाच्या घडांसारखे जे पीक थोड्या दिवसांत आटोपते, तेथे एवढी सवड पुरते. महिनोन्महिने फळ देणाऱ्या पेरूला ती पुरत नाही.

मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या यंत्रांवर पैसे खर्च करू नयेत, असे मी स्पष्टच सांगेन. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर बहुतेक पक्ष्यांना १० किलोहर्ट्झच्या पुढचे फारसे ऐकू येत नाही. म्हणजे जो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तो पक्ष्यांनाही येत नाही. उंदरांना तो ऐकू येतो, पण खाद्य जवळ असेल तर ते त्याला सरावतात. फळे खाणारी मोठी वटवाघळे अन्न शोधताना मुख्यतः डोळे आणि नाक वापरतात, त्यामुळे तेथेही या यंत्राकडून फारशी आशा नाही.

पाणकावळा

जखमी पक्षी-प्राण्यांच्या सुटकेच्या कामात मी मदत करतो, म्हणून जाळीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. फळझाडांवर टाकलेल्या जाळ्यांत अडकलेली वटवाघळे, साप आणि पक्षी आमच्याकडे नेहमी येतात आणि त्यांत पातळ, पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याची मोठ्या छिद्रांची सैल जाळी हेच कारण बहुतेक वेळा आढळते. वटवाघळाचा पंख अशा जाळीत गुंतला की ते सुटण्यासाठी स्वतःभोवतीच पीळ घेते, दोरा पंखाच्या पडद्यात रुततो आणि रक्तपुरवठा तुटल्यामुळे सुटका झाल्यानंतरही पडदा काही दिवसांनी झडू शकतो. सापाचे संकट जमिनीवर लोळणाऱ्या जाळीत असते: डोके छिद्रातून पुढे जाते, शरीर अडकते आणि खवल्यांमुळे त्याला मागे सरकता येत नाही.

निवडीची कसोटी सोपी आहे. ताणलेल्या जाळीच्या छिद्रातून करंगळी आरपार जात असेल, तर ती जाळी घेऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचे छिद्र, जाळी पूर्ण ताणल्यावर, ५ मिलिमीटर गुणिले ५ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे असा नियमच लागू आहे. रंग पांढरा किंवा फिका असावा, कारण काळी जाळी रात्री दिसत नाही. जाळी झाडावर थेट टाकण्याऐवजी वाकवलेल्या पीव्हीसी पाइपांच्या कमानींवर ताणून बसवावी, खालची कड मातीत दाबावी किंवा बुंध्याशी आवळावी. झाडात घरटे असेल तर पिल्ले उडून जाईपर्यंत जाळी लावू नये. काढणी झाली की जाळी उतरवून, गुंडाळून, उंचावर ठेवावी. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारून कोणी आत अडकले नाही ना हे पाहण्याची तयारी नसेल, तर जाळीच्या वाटेला जाऊ नये.

एखादा प्राणी अडकलेला आढळलाच, तर जाळी ओढू नये. त्याच्यावर जाडसर कापड टाकून अंधार करावा, म्हणजे तो शांत होतो. मग जवळपासच्या सुटका पथकाला किंवा वनखात्याला कळवावे. ते येईपर्यंत सभोवतालची जाळी मोकळी कापून ठेवता येईल, मात्र शरीरात रुतलेला दोरा आपण उपटू नये. वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आडवाट

पाणकावळा यांची कळकळ समजते, पण ५ मिलिमीटरच्या जाळीचा एक तोटा त्यांनी सांगितला नाही. अशा दाट जाळीत वारा कमी खेळतो आणि पावसाळी हवेत पानांवर भुरी किंवा काळी बुरशी वाढते. मोठे झाड पूर्ण झाकले तर वाऱ्याचा दाब सांगाड्यावर येतो, तो वेगळाच. १५ मिलिमीटरच्या जाड दोऱ्याची जाळी नीट ताणून बसवली तर कोणी अडकत नाही, असे मला वाटते.

पाणकावळा

ताण जाळी बसवली त्या दिवशी असतो. वारा-पावसानंतर तो टिकत नाही. पंधरा मिलिमीटरच्या छिद्रातून लहान पक्ष्याचे डोके आणि सापाचे शरीर सहज जाते, त्यामुळे या मुद्द्यावर मी मागे येणार नाही. हवा खेळण्याचा मुद्दा मात्र योग्य आहे. त्याचे उत्तर छिद्र मोठे करणे हे नसून झाकायचे क्षेत्र लहान करणे हे आहे: संपूर्ण झाडाऐवजी फळांनी लगडलेली एखादी फांदी जाळीच्या लांब पिशवीत घालून दोन्ही टोके बांधावीत. उरलेले झाड मोकळे राहते.

आडवाट

फांदीपुरत्या पिशवीला माझी हरकत नाही. मोठ्या झाडावर मी तरीही दाट जाळी टाकणार नाही आणि आपल्या म्हणण्यानंतर सैल जाळीही टाकणार नाही. छाटणी करून झाड हाताच्या उंचीत ठेवणे मला अधिक पसंत आहे. पेरू आणि अंजीर कडक छाटणी सहन करतात आणि नव्या फुटीवर फळ धरतात. आठ-दहा फुटांपेक्षा उंच न जाऊ दिलेल्या झाडावर पिशव्या घालणेही सोपे होते आणि तयार फळ नजरेतून सुटत नाही.

ओसरी

फळवेल यांच्या पेरूवर खार येते, तिच्यासाठी कापडी पिशवी पुरणार नाही, हे सांगणे आवश्यक आहे. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांच्यापुढे कापड, नायलॉन किंवा प्लास्टिकची जाळी टिकत नाही. तेथे लोखंडच हवे. गॅल्व्हनाइज्ड तारेची वेल्डेड जाळी, खारीसाठी १२ मिलिमीटर छिद्राची आणि उंदीरही येत असतील तर ६ मिलिमीटरची, आणून तिचे वीतभर उंचीचे नळकांडे करावे. एक बाजू तारेने शिवून बंद करावी, दुसरी बाजू फांदीभोवती बसेल अशी कापून केबल टायने आवळावी. कापलेल्या तारांची टोके आतल्या बाजूला न ठेवता बाहेर दुमडावीत, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या फळाला तीच टोचतात. अशी नळकांडी वर्षानुवर्षे वापरता येतात. प्रत्येक फळाला ती घालणे शक्य नसते, पण उत्तम फळे असलेल्या पाच-सहा फांद्यांना घातली तरी पुरेसा लाभ होतो.

झाड एकटे उभे असेल तर बुंध्याभोवती जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर सुमारे ६० सेंटीमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळता येतो, त्यावर नखे धरत नाहीत. पत्र्याची टोके एकमेकांवर सरकती ठेवून स्प्रिंगने धरावीत, म्हणजे बुंधा वाढला तरी सालीला काच बसत नाही. फळवेल यांच्या बाबतीत मात्र शेजारची भिंत जवळ आहे; खार भिंतीवरून सरळ फांदीवर उडी घेईल आणि पत्रा शोभेचा ठरेल. तेथे नळकांडीच योग्य.

कुंडीतले अंजीर

तिखटाचे पाणी फवारण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्याने खारी दूर राहतात का?

सावरी

सस्तन प्राण्यांना मिरचीतल्या कॅप्सेसिनचा दाह होतो, म्हणून खार किंवा उंदीर काही काळ बिचकतात. पक्ष्यांना हा दाह जाणवतच नाही. पोपट मिरच्या मजेत खातो, ते यामुळेच. पावसाने किंवा पाणी मारल्याने तिखट धुऊन जाते, पुन्हा फवारावे लागते, आणि फळ खाण्यापूर्वी आपल्यालाही ते नीट धुवावे लागते. फवारताना डोळ्यांत उडाले तर त्रास वेगळाच. एकंदरीत मी या उपायाला फारसे गुण देणार नाही.

उंदरांबाबत मात्र एक गोष्ट नक्की करावी: संध्याकाळी झाडाखालची सर्व पडकी फळे उचलावीत. रात्री जमिनीवर पडलेले पिकलेले फळ उंदराला बागेत आणते आणि एकदा आल्यावर तो झाडावरही चढतो. फळवेल यांनी विष न वापरण्याचे ठरवले आहे, ते उत्तमच. ब्रोडिफॅकूम किंवा ब्रोमॅडिओलोनसारखी उंदीरनाशके मेलेल्या उंदराच्या यकृतात टिकून राहतात आणि तो उंदीर खाणारे घुबड किंवा मांजरही त्यांना बळी पडते. बागेतला उंदरांचा सर्वांत कष्टाळू शिकारी आपणच मारण्यासारखे ते आहे.

माळरान

आमच्याकडे माकडांच्या टोळ्या येतात. वर सांगितलेल्या उपायांपैकी त्यांना कोणता लागू पडेल?

आडवाट

प्रामाणिक उत्तर असे की पिशवी, जाळी, बुजगावणे यांपैकी काहीही टिकणार नाही. सर्व बाजूंनी आणि वरूनही बंद असलेला, भक्कम लोखंडी सांगाड्याचा पिंजरा करता येत असेल तर त्यात कुंड्या ठेवाव्यात. ते शक्य नसेल तर टोळीच्या वाटेवर गोड फळझाडे लावू नयेत. परिसरात कोणी त्यांना मुद्दाम खायला घालत असेल, तर ते थांबवणे हा त्यातला सर्वांत अवघड पण खरा उपाय आहे.

फळवेल

सर्वांचे मनापासून आभार. चिकू नखाने तपासून पाडाआधीच काढायचे, पेरूच्या निवडक फांद्यांना तारेची नळकांडी घालायची, द्राक्षाच्या घडांना जाळीदार पिशव्या आणि अंजिराला मच्छरदाणीचा पिंजरा करायचा, असे ठरवले आहे. डाळिंबांना कागदी पिशव्या फळे थोडी मोठी झाल्यावर घालीन.

दोन शंका राहिल्या. पेरूच्या शेंड्याकडची फळे हाताला येत नाहीत, त्यांचे काय करावे? आणि एका बाजूने टोचलेले किंवा कुरतडलेले फळ तेवढा भाग कापून खाल्ले तर चालते का? घरातल्या ज्येष्ठांचे म्हणणे असे की पोपटाने टोचलेला पेरू सर्वांत गोड असतो.

सावरी

टोचलेला पेरू गोड असेलही, कारण पक्षी पिकलेलेच फळ निवडतो. पण ते फळ खाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या बागेत वटवाघळे आणि कुरतडणारे प्राणी दोन्ही येतात आणि खूण नेमकी कोणाची हे प्रत्येक वेळी खात्रीने सांगता येत नाही. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह विषाणूची साथ आली, तेव्हापासूनच्या संशोधनातून फळे खाणारी वटवाघळे त्या विषाणूची नैसर्गिक आश्रयदाती असल्याचे स्पष्ट झाले आहे आणि दाताच्या खुणा असलेली फळे टाकून द्यावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तोही विचारात घ्यावा. याचा अर्थ प्रत्येक वटवाघळाची धास्ती घ्यावी असा नाही. बिया दूरवर नेऊन टाकण्याचे आणि रात्री फुलणाऱ्या कितीतरी झाडांच्या परागीभवनाचे काम तीच करतात. खूण नसलेले फळ वाहत्या पाण्याखाली धुऊन, शक्य तेथे साल काढून खावे. खूण असलेले फळ हातमोजे घालून उचलावे आणि खड्ड्यात किंवा झाकणाच्या कंपोस्टमध्ये पुरावे, उघड्यावर टाकू नये.

खोडवा

शेंड्याची फळे यंदा पक्ष्यांना सोडून द्यावीत. वरची फळे मोकळी आणि खालची झाकलेली असली की त्यांचा ओढा वर राहतो आणि खालच्या पिशव्यांशी झटापट कमी होते, असा माझा अनुभव आहे. काहींच्या मते त्यामुळे उलट अधिक पक्षी येतात. माझ्या बागेत तसे झालेले नाही, पण आपल्याकडे तसे दिसले तर वरची फळे हिरवी असतानाच झेल्याने काढून टाकावीत. बहर संपला की शेंडा छाटून झाड आडवाट म्हणतात त्या उंचीवर आणावे. छाटणीच्या वेळी भिंतीकडे झुकलेल्या फांद्या आधी काढाव्यात, म्हणजे खारीची सरळ वाट तुटेल आणि पुढे पत्र्याचा विचारही करता येईल.